ब्रेक दाबून पाहणारे उमाठे काका

उमाठे काकांच्या गाडीच्या ब्रेकच्या पेडलवर मी पॉलिश लावलं. डॅशबोर्ड चमकवायचं, लिंबाच्या वासाचं, फवारायचं पॉलिश. नुसतं फवारलं नाही, फडक्यानं घासून पेडल आरशासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीत बसून निघालेल्या काका-काकूंना फाटकात उभं राहून हात हलवला.

हा काही गौप्यस्फोट नाही. बेसातल्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याला आधी नळाची वेळ सांगतात, मग कचरागाडीची, आणि तिसऱ्या नंबरला माझं हे कर्तृत्व. त्यात मी नोकरीला विम्याच्या कचेरीत. चेपलेल्या, उलटलेल्या, झाडाला मिठी मारून बसलेल्या गाड्यांचे फोटो पाहणं हेच माझं काम. म्हणजे ‘बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोयही मी कुणाला ठेवलेली नाही.

पण सांगायचं आहे ते काकांबद्दल. माझा मूर्खपणा त्यांच्या गोष्टीत जेवढा लागतो तेवढाच घेऊ.

मनोहर उमाठे मूळचे कुहीचे. घरी धानाची शेती, ती भावांनी सांभाळली. हे हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाहेरून आलेला माल ताब्यात घ्यायचा, ड्रम उघडून पाहायचा, मगच आत सोडायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर बेसाला आमच्या शेजारी घर बांधलं, पण ड्रम काही डोक्यातून गेले नाहीत. बाटली, डबा, पुडी, काहीही हातात आलं की लेबलाकडे बघायच्या आधी झाकण उघडून हुंगायचे.

“ड्रमवर काय लिहिलं हाय ते ड्रमवाल्यानं लिहिलं हाय,” ते म्हणत. “ड्रमाले कोणी इचारलं का?”

उंच, वाळके, किंचित पुढे झुकलेले. कायम असे उभे असत की जणू कुठून तरी जळाल्याचा वास येतो आहे आणि तो फक्त त्यांनाच येतो आहे. माणूस घाबरट होता असं म्हणणं फार कमी होईल. भीती हा त्यांचा स्वभाव नव्हता, उद्योग होता. सकाळी उठून ते भ्यायला बसत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त भीती त्यांच्या गाडीसाठी राखून ठेवलेली असे.

गाडी छोटी, जुनी, आकाशी रंगाची. तो रंग आता कंपनीही काढत नाही. दर रविवारी सकाळी काकूंना शेजारी बसवून ते कुहीला आपल्या थोरल्या बहिणीला भेटायला जात. ती अंथरुणाला खिळलेली. तिला सगळे ‘बाई’ म्हणत. बाईला दुसरं काही आठवत नसे, पण रविवार आठवत असे. त्या गाडीचा हॉर्न ऐकल्याशिवाय ती सकाळचा चहा घेत नसे. म्हणून शनिवारी गाडी धुणं हा काकांकडे पूजेसारखा प्रकार होता. पूजेत देव कोपायची भीती असते, इथे रंग.

आधी बॉनेटवर उलटा तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ऊब लागली तर बादली परत आत. “गरम पत्र्यावर साबण वाळते. वाळला का रंग घेऊन जाते.” दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं आधी साध्यात पिळायचं, मग साबणात बुडवायचं. आणि फडकं हातातून जमिनीवर पडलं तर ते मेलं. त्याला उचलून झटकून पुन्हा वापरायचं नाही. “त्याले खडा चिकटला हाय. तुले दिसून नाही राहिला, पन गाडीले दिसते.” मेलेली फडकी काकू मागच्या अंगणात वाळत घालून पायपुसण्यांना वापरत. त्यांच्या घरी पायपुसण्यांची कधी कमी पडली नाही.

आता त्यांच्या सगळ्या भीती खऱ्या होत्या असं समजू नका. वासाचा शॅम्पू लावला तर उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात, अशी त्यांची ठाम समजूत. निळ्या बाटलीतलं काहीही ते घेत नसत, कारण एकदा कारखान्यात निळ्या ड्रमानं त्यांचे बूट खाल्ले होते. फार फेस होणाऱ्या साबणाला ते ‘नाटक्या’ म्हणत. निम्म्या भीती बरोबर, निम्म्या मनाच्या. पंचाईत एवढीच, की कोणत्या निम्म्या ते आधी कळायचं नाही.

माझी आणि त्यांची पहिली चकमक पाण्याच्या डागांवरून झाली. बेसाचं बोअरचं पाणी असं, की गाडी धुऊन उन्हात सोडली की अंगभर पांढरे ठिपके उमटतात. आमच्या बाथरूमच्या नळांवरही तेच ठिपके. ते घालवायला मंजू, म्हणजे माझी बायको, एक ॲसिडवालं द्रावण वापरते. लावलं की नळ नवा. मी विचार केला, पाणी तेच, डाग तेच, तर औषध वेगळं कशाला? आणि बॉनेटवर सढळ हातानं ओतलं.

काका कंपाउंडच्या भिंतीवरून पाहत होते. ओरडले नाहीत. फार भ्याल्यावर ते कधीच ओरडत नसत, त्यांचा आवाज खाली जाई.

“अविनाश,” ते म्हणाले, “पाणी टाक त्यावर. आत्ता. बोलू नको, टाक.”

मी टाकलं. पण माझ्या गाडीच्या बॉनेटवर आजही एक फिकट चट्टा आहे, साधारण गोंदिया जिल्ह्याच्या आकाराचा.

“झाकणाच्या मागं काहून नाही लावून पाहिलं?” त्यांनी विचारलं. ही त्यांची रीत. कुठलीही नवी बाटली आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, थेंबभर लावायची आणि आठवडाभर वाट पाहायची. मग पुन्हा हुंगायची. मग ठरवायचं. त्यांच्या त्या झाकणामागे इतके थेंब वाळले होते की ती एक प्रयोगशाळाच झाली होती.

“काका, एवढी वाट पाहीपर्यंत गाडी जुनी होते,” मी म्हणालो.

“होऊ दे ना. जुनीले कोणी काही म्हणत नाही. चट्टावालीले म्हणतात.”

त्या दिवसापासून माझी बाटली-निवड त्यांच्या देखरेखीखाली आली. मला ते आवडलं असं नाही. पण एखादा माणूस आपल्यासाठी भितो आहे ही भावना अगदीच वाईट नसते.

त्यांची सगळ्यांत गाजलेली सवय मात्र धुण्याची नव्हती, ब्रेकची होती. गाडी फाटकातून बाहेर काढली की लगेच, गटाराच्या झाकणापाशी, ते करकचून ब्रेक लावत. मग पुढे कडुनिंबाखाली एकदा. मग गल्लीच्या तोंडाशी. प्रत्येक ब्रेकला शेजारी बसलेल्या काकूंचं डोकं पुढे झुकायचं. गल्लीतली पोरं म्हणायची, काका गाडी काढून राहिले, काकू नमस्कार करून राहिली.

मी एकदा विचारलं, “काका, रोज लागतो तो ब्रेक. पुन्हा पुन्हा काय पाहता?”

“काल लागला होता,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय? काल लागला होता. मी तं आज जाऊन राहिलो.”

मला हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “ब्रेक नाही लागत ना, तवा गाडीत कोणी वरडत नाही. सिनेमात वरडतात. खरं तं सगळे चूप होतात. मी आयकलं हाय ते.” कुठे ऐकलं, कधी ऐकलं, ते मी विचारलं नाही. त्यांचा आवाज खाली गेला होता.

दुसरा एक नियम फोनचा. गाडी सुरू करण्याआधी स्वतःचा आणि काकूंचा, दोन्ही फोन डिकीत. वाजला तर घ्यावासा वाटेल, म्हणून. या नियमालाही मी हसत असे. पुढे याच नियमानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

मग काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं. डॉक्टरांनी काही दिवस धूळ टाळा, पाणी टाळा, मान खाली घालून वाकू नका, असं सांगितलं. ते काही दिवस केव्हाच संपले. डॉक्टरांनी गाडी चालवायलाही परवानगी दिली. पण वाकायची बंदी काकांनी स्वतःपुरती पुढे चालू ठेवली. चपलेचा अंगठा वर करून ती पायानंच चाचपत घालायचे. देवासमोरही ताठ उभे. “डोळा नवा हाय,” म्हणत, “गळून पडला तं?”

या दरम्यान पुण्याहून त्यांच्या मुलानं, निखिलनं, गाडी विकायचा हट्ट धरला. आता वय झालं, डोळ्याचं ऑपरेशन झालं, कुहीला जायचं तर भाड्याची गाडी करा. वाद पुष्कळ झाला. भिंतीपलीकडून आम्हाला एकच बाजू ऐकू यायची, आणि ती दिवसेंदिवस हळू होत चालली होती. शेवटी तह झाला. येत्या रविवारी काकांनी गाडी घेऊन कुहीला जायचं. काकू शेजारी असतील. सगळं ठीक झालं तर विषय बंद. काही जरी कमी-जास्त झालं तर निखिल येईल आणि गाडी विकून जाईल. आणि खरंखोटं काकू सांगतील.

काकूंनी हे मंजूला सांगितलं तेव्हा त्यांचं भाजी निवडणं थांबलं होतं. “मी यायच्याकडून बोलू का पोराकडून बोलू वं? मले यायच्या डोळ्याची भीती वाटते. अन् गाडी गेली तं यायचीच भीती वाटते. घरात बसून हा मानूस काहाले भेईन मंग?”

मी भारावलो. म्हणालो, शनिवारी गाडी मी धुणार. अशी धुणार की काकांना नवी कोरी वाटली पाहिजे.

शनिवारी काका काळा चष्मा लावून पोर्चमध्ये खुर्चीत बसले. चष्म्याचा नवा नंबर अजून यायचा होता, बारीक अक्षर दिसत नव्हतं. मी बाटल्या घेऊन गेलो होतो, त्या एकेक करून त्यांच्या नाकाखाली धरायच्या आणि मागची अक्षरं मोठ्यानं वाचायची, असा कार्यक्रम झाला.

“हा शॅम्पू. रंगासाठी सौम्य, असं लिहिलंय.”

“लिहीनच ना तो. हुंगव.” हुंगून झालं. “राहू दे, चालते.”

“हे वॅक्स.”

“घरचं हाय तेच लाव.”

“हे टायर चमकवायचं.”

“टायर काही लगनाले जाऊन राहिले का?”

शेवटी लिंबाच्या पॉलिशची बाटली. आतून फवारायचं, डॅशबोर्डला चकाकी. त्यांनी हुंगली आणि नाक मागे घेतलं. “हे गाडीच्या आत नाही न्यायचं, सांगून ठेवतो. उंदीर येतीन.”

तिथंच माझी चूक पक्की झाली. त्यांनी सांगितलं असतं की घसरेल, तर मी ऐकलं असतं. उंदीर म्हणाले, म्हणून मी मनात हसलो.

मी गाडी धुतली. काका खुर्चीतून आज्ञा सोडत होते. एक फडकं पडलं, ते मेलं. मग काकूंनी डोळ्यात थेंब टाकायला त्यांना आत बोलावलं. थेंब टाकल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून पडून असत. मी एकटा. गाडीचं दार उघडं. आत डॅशबोर्डवर धुळीचा फिकटपणा. आणि हातात ती बाटली.

डॅशबोर्ड असा उजळला की माझा हात थांबेना. दारांची आतली बाजू केली. सीटच्या कडा केल्या. वाकून पाहिलं तर खाली अंधारात तीन पेडलं धुळकट, उपेक्षित. मला त्यांची कीव आली. काका काही वाकून बघणार नाहीत, पण आपलं काम आपण पूर्ण करावं, असा उच्च विचार करून मी तिन्हींवर फवारलं आणि घासलं. दारं उघडी ठेवून वास जाऊ दिला. उरलेलं पॉलिश वाया जाऊ नये म्हणून माझ्या गाडीलाही आतून तसंच केलं, आणि मंजूच्या स्कूटरच्या सीटलाही.

रविवारी सकाळी ते निघाले. काकूंच्या मांडीवर बाईसाठी डबा. काकांनी दोन्ही फोन डिकीत ठेवले, चपलेत पाय चाचपला, ताठ मानेनं बसले. गाडी फाटकातून बाहेर आली. मी हात हलवला. गटाराच्या झाकणापाशी ब्रेक लागला, पण गाडी झाकण ओलांडून थोडी पुढे जाऊन थांबली. काकूंनी नमस्कार जरा हळू केला.

“पाहा,” मी मंजूला म्हणालो, “काका सुधारले. ब्रेक हळू लावायला लागले.”

त्यानंतर मी आमच्या घरी तर्री-पोहे आणावेत म्हणून गाडी मागे घ्यायला बसलो. पायानं ब्रेक दाबला. पाय तिथं राहिला नाही. साबणावर पडल्यासारखा बाजूला गेला आणि शेजारच्या पेडलवर पूर्ण वजनानं बसला. गाडीनं मंजूच्या कढीपत्त्याची कुंडी घेतली आणि भिंतीवर जाऊन टेकली. मी ओरडलो नाही. मला नंतर आठवलं की मी अजिबात ओरडलो नाही. आत अगदी शांत होतं.

मंजू बाहेर आली. “पोहे भिंतीत मिळून राहिले का?”

मी खाली वाकलो. पेडल चमकत होतं. लिंबाचा वास आला.

“मंजू,” मी म्हणालो, “काकांच्याही पेडलला लावलंय.”

तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग दोघंही एकदम फोनकडे धावलो. काकांचा फोन वाजत राहिला. काकूंचा वाजत राहिला. डिकीत, स्टेपनीशेजारी, अंधारात दोन्ही फोन वाजताहेत आणि पुढच्या सीटवर दोघं ताठ बसलेले आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

“मागं बसा,” मंजूनं स्कूटर काढली. “आज तुम्ही काहीच चालवायचं नाही.”

सीटही मीच चमकवलेली. पहिल्या वळणाला मी सरकत तिच्यावर, दुसऱ्याला मागे. तिनं गाडी थांबवली, कुणाच्या तरी दारातलं रिकामं पोतं उचललं, सीटवर टाकलं आणि पुन्हा निघाली.

बेसा-पिपळा रस्ता, मग उमरेड रोड. रविवार असूनही ट्रक. प्रत्येक ट्रकच्या मागच्या बाजूकडे मी कामावरच्या नजरेनं पाहत होतो. छोटी गाडी त्याच्याखाली कुठपर्यंत जाते ते मला ठाऊक आहे. फोटोत काय काय दिसतं ते ठाऊक आहे. काच कशी तांदळासारखी पसरते. आणि रस्त्यावर नेहमी एक चप्पल असते. का कोण जाणे, एकच असते.

एका ठिकाणी गर्दी दिसली. माणसं रस्त्यावर उतरलेली, मध्ये काहीतरी आडवं. मी डोळे मिटले. “आहे का आकाशी?” मी विचारलं.

“संत्र्यांचा टेम्पो पंक्चर झालाय,” मंजू म्हणाली. “लोक भाव करून राहिले. डोळे उघडा, तुम्ही माझे खांदे फोडून राहिले.”

पुढचा रस्ता जरा मोकळा. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. मी मनात हिशेब मांडत होतो, काका हळू चालवतात, दुसऱ्या गिअरच्या वर जात नाहीत, काका भितात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या भीतीला हात जोडले. आणखी भ्या, म्हटलं. जेवढे भिता त्याच्या दुप्पट भ्या.

पाचगावच्या अलीकडे बाभळीखाली आकाशी गाडी दिसली. रस्त्यावरून तिरपी खाली उतरलेली. दोन्ही पुढची दारं सताड उघडी. आत कुणी नाही. आणि गाडीच्या मागे, डांबरावर, एक चप्पल.

मी स्कूटरवरून उतरलो की पडलो ते आठवत नाही. चप्पल काकांचीच होती, अंगठ्याजवळ चाचपून चाचपून झिजलेली. मी ती उचलली नाही. हात लावला तर ती खरी होईल असं वाटलं.

“अहो,” मंजूनं हाक मारली. “इकडे.”

जरा पुढे ओढ्यावरची छोटी पुलिया होती. तिच्या कठड्यावर काका-काकू रस्त्याकडे पाठ करून, शेताकडे तोंड करून बसले होते. काका अनवाणी, दुसरी चप्पल शेजारी काढून ठेवलेली. काकूंच्या मांडीवर डबा तसाच. काकांच्या हातात डिकीतून काढलेला फोन होता.

“ये अविनाश,” ते म्हणाले. मी इथं कसा, असं त्यांनी विचारलंही नाही. आवाज अगदी खाली गेलेला. “बरं झालं आला. गाडी तू घेऊन जा. आमाले कोणत्या तरी ऑटोत बसवून दे. निखिलले सांगतो ये म्हनून. माझं झालं आता.”

“काय झालं, काका?”

“पाय नाही राहिला माझा. घरापाशीच समजलं होतं, बोललो नाही. वाटलं चप्पल असन, इथवर आलो तवा काढून फेकली. तेवढ्यात बकरी आडवी आली. ब्रेकवर पाय ठेवला तं तो तिथं राहिलाच नाही. मी ठेवून राहिलो अन् तो जाऊन राहिला. हँडब्रेक ओढला, तवा खाली उतरून थांबली गाडी.” ते थांबले. “बकरी वाचली. डोळा नवा केला, तं पाय म्हातारा निघाला.”

काकू शेताकडेच पाहत होत्या. “मी वरडली बी नाही,” त्या म्हणाल्या. “तोंडच नाही उघडलं माझं. मले वाटलं यायले दिसून नाही राहिलं, अन् हे मले सांगून नाही राहिले.” त्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहत होत्या. झाकणाचा बारीक आवाज येत होता.

आयुष्यभर लेबलावर विश्वास न ठेवणारा हा माणूस, बाटली सोडून, पत्रा सोडून, आज पहिल्यांदा स्वतःलाच भ्याला होता. आणि ते खरं धरून फोन लावायला बसला होता. वाकून पेडल बघणं त्यांना शक्यच नव्हतं, ती बंदी त्यांचीच.

मी मंजूकडे पाहिलं.

“सांगता का मी सांगू?” मंजू म्हणाली.

मी सांगितलं. काका ऐकत राहिले.

“लिंबाचं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“तेच? मी हुंगलं होतं ते?”

“हो काका.”

“पेडलले.”

“तिन्ही पेडलांना.”

ते उठले. अनवाणी चालत गाडीपाशी गेले. उघड्या दारातून त्यांनी मान खाली घातली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा, पूर्ण वाकले, आणि नाक पेडलपर्यंत नेऊन हुंगलं. डोळा गळून पडला नाही. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. पाठ हलत होती. मला वाटलं रडताहेत. मी जवळ गेलो.

“उंदीर येतीन म्हनलं होतं तुले,” आतून आवाज आला. “आला ना एक.”

काकूंनी तेव्हा डबा बाजूला ठेवला आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की दुसरं काही, ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. त्या मंजूला म्हणाल्या, “याले घरी जाऊन जेवू घालजो वं. पन आज नाही. उद्या.”

मग पेडल साफ केलं. आधी कोरडी माती चोळली, मग डिकीत काकांचं साबणाचं पाणी कायम असे, त्यानं धुतलं, मग कोरडं केलं. मी रस्त्यावर गुडघे टेकून आत डोकं घालून, आणि काका वरून सांगताहेत. फडकं एकदा खाली पडलं. त्यांनी खिशातून दुसरं दिलं. शेवटी मलाच पाय ठेवून दाबून दाखव म्हणाले. मी दाबला. मग त्यांनी दाबला. पाय तिथंच राहिला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा. आपलाच पाय ते असा बघत होते जसा हरवलेला नातेवाईक सापडल्यावर बघतात.

फोन परत डिकीत गेला. निखिलला लावलाच नाही.

ते कुहीच्या दिशेनं निघाले. आम्ही रस्त्यात उभे. थोडं गेले की मागचे लाल दिवे लागायचे, विझायचे. पुन्हा थोडं गेले की लागायचे. सरळ, रिकामा रस्ता, समोर बकरीही नाही, आणि लाल दिवे लागताहेत, विझताहेत, काकू आत नमस्कार करताहेत. वळणापर्यंत मी ते पाहत होतो. त्या दिवशी बाईचा चहा दुपारी झाला, असं नंतर कळलं.

गाडी विकली गेली नाही. निखिलला सगळं ठीक झालं असं काकूंनी सांगितलं. म्हणजे त्यांनी खरंच सांगितलं. गाडीत काही बिघाड नव्हता आणि काकांतही नव्हता. बिघाड शेजारी होता.

पुढे बाईची तब्येत फारच खालावली तेव्हा काका-काकूंनी बेसाचं घर भाड्यानं दिलं आणि ते कुहीला राहायला गेले. सामानाचा टेम्पो आधी पुढे गेला. आकाशी गाडी मागून निघणार होती. मी निरोपाची भेट म्हणून एक शॅम्पूची बाटली आणली होती, बिनवासाची, निळी नसलेली, दुकानात उभं राहून मीच झाकण उघडून हुंगलेली. दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला होता.

काकांनी ती घेतली. हुंगली. पेट्रोलचं झाकण उघडून मागच्या बाजूला थेंबभर लावली. “सांगतो,” म्हणाले. मग दोन्ही फोन डिकीत ठेवले, दार उघडलं, आणि बसण्याआधी वाकले. बोटानं ब्रेकचं पेडल घासलं. बोट नाकाशी नेलं. हुंगलं. मगच बसले.

मला भरून आलं. मी काकूंच्या खिडकीशी वाकून म्हणालो, “काकू, त्या दिवसापासून काका रोज असं पाहतात का हो?”

“नाही गा,” काकू म्हणाल्या. “तू जवळ उभा असला की पाह्यतेत.”